कॉर्डलेस व्हॅक्यूम खेचत नाही, फिल्टर धुतला तरी आठवड्याभरात पुन्हा तेच

नेहमीचं चित्र असं असतं. फिल्टर धुऊन बसवला, दोन-तीन दिवस मशीन मस्त चाललं, आणि पुढच्या शनिवारी सोफ्याखालचा केसांचा गुंता ब्रशपुढे नुसता सरकतोय, आत काही जात नाही. पुन्हा फिल्टर काढा, पुन्हा धुवा, पुन्हा तेच. मग कुणीतरी म्हणतं, बॅटरी गेली. काही हजारांची बॅटरी मागवली जाते, ती बसवल्यावरही सक्शन तेवढंच राहतं, कारण दोष मुळात बॅटरीत नव्हताच.

सक्शन कमी झालं म्हणजे हवा कुठेतरी अडली आहे, नाहीतर भलत्याच फटीतून आत येते आहे. आधी या दोनच शक्यता धरायच्या. मोटर आणि बॅटरीचा नंबर त्यानंतर. हवेचा रस्ता ठरलेला आहे: ब्रशचं हेड, त्याची वाकणारी मान, लांब नळी, डब्याचं तोंड, डब्यातली जाळी, सायक्लोनचे (हवा गरगर फिरवून धूळ वेगळी काढणारे) शंकू, मोटरच्या आधीचा फिल्टर, मोटर, आणि मोटरनंतरचा, बाहेर जाणाऱ्या हवेतली उरलेली बारीक धूळ अडवणारा हेपा फिल्टर. नऊ टप्पे झाले, आणि आपण धुतो त्यातला एकच. जाळी किंवा शंकू भरलेले असले तर जी धूळ डब्यात पडायला हवी ती थेट फिल्टरवर येते आणि स्वच्छ फिल्टर चार दिवसांत पुन्हा बुजतो. दुखणं परत परत येतं ते यामुळे.

आधी आवाज ऐका

मिक्सरच्या भांड्यात वाटण असलं की आवाज दबका येतो, रिकामं भांडं फिरवलं की चढतो. व्हॅक्यूमचंही अगदी तसंच आहे. आतल्या पंख्याला ढकलायला हवाच मिळाली नाही की त्याच्यावरचा भार उतरतो, तो जास्त वेगाने फिरतो आणि आवाज बारीक, चिरका होतो. आवाज चढलाय पण खेचत नाही, तर कुठेतरी तुंबलंय हे नक्की.

आवाज नेहमीसारखाच आहे आणि तरीही ओढ नाही, तर गळती शोधा. चालू केल्यापासून आवाज हळूहळू खाली येतोय, तर बॅटरी किंवा मोटर. धाप लागल्यासारखं चालू-बंद, चालू-बंद होत असेल तर मशीन स्वतःला वाचवतंय: हवा पुरेशी मिळत नाही म्हणून ते मोटर थांबवून पुन्हा सुरू करून बघतं. हे लक्षण पाहून बॅटरी बदलण्याची चूक फार होते. यात पहिला संशय फिल्टरवर, दुसरा नळीवर.

एक फरक आधीच करून घ्या. हेडमधला रोलर फिरायचा थांबला तरी मशीन 'काहीच उचलत नाही' असं वाटतं, पण सक्शन शाबूत असतं. हेड काढून नळीचं तोंड तळहाताला लावा. हात चांगला चिकटला तर सक्शनच्या मागे लागू नका, खाली रोलरचा भाग आहे तिकडे जा.

तुकडे पाडून तपासा

पूर्ण चार्ज करा, डबा रिकामा करा आणि मधला मोड ठेवा. इको मोड चुकून चालू राहिलेला नाही ना तेही बघा. घरात दोघं-तिघं मशीन वापरत असतील तर हे हमखास होतं.

पहिल्यांदा नळी आणि हेड दोन्ही काढून नुसत्या मशीनच्या तोंडावर तळहात ठेवा. ओढ जोरदार आहे? मग मशीन, फिल्टर आणि बॅटरी तिन्ही ठीक आहेत. आता नळी लावून नळीच्या टोकाला तळहात ठेवा. ओढ पडली तर नळीत काहीतरी आहे. तिथेही ठीक, मग हेड लावा. ज्या पायरीला फरक पडला, दोष तिथेच. हे सगळं दोन मिनिटांत होतं आणि अर्धा दिवस वाचतो.

नुसतं मशीनच कमी खेचत असेल तर मोटरच्या आधीचा फिल्टर काढून फक्त दोन-तीन सेकंद चालवून बघा. स्वच्छ जागी आणि हवेत धरून, जमिनीवर नाही. फिल्टरशिवाय एक चिमूट धूळही मोटरमध्ये जाता कामा नये. बऱ्याच मॉडेलमध्ये फिल्टर नसला की मशीन सुरूच होत नाही, मग जबरदस्ती करू नका, धुतलेला पूर्ण कोरडा किंवा नवा फिल्टर लावून तुलना करा. फिल्टर काढताच जीव आला तर फिल्टर दोषी. काहीच फरक पडला नाही तर जाळी, शंकू, नाहीतर मागचा हेपा.

हातावरचा अंदाज दर महिन्याला बदलतो, म्हणून एक मोजमाप ठरवून ठेवा. दोन बाय दोनच्या व्हिट्रिफाइड टाइलवर चहाचा एक चमचा मोहरी पसरा, थोडी टाइलच्या सांध्यात जाऊ द्या. मधल्या मोडवर हेड सावकाश एकदाच फिरवा आणि सांध्यात किती दाणे उरले ते मोजा. मशीन चांगलं चालत असताना हा आकडा तारखेसकट मोबाइलमध्ये टिपून ठेवला तर पुढे वाद उरत नाही. कडक केसांचा रोलर असेल तर तो मोहरी मागे उडवतो. तो सक्शनचा दोष नव्हे. तसला रोलर गालिच्यासाठी असतो, फरशीला मऊ रोलर लागतो.

फिल्टर: धुण्याइतकंच वाळवणं महत्त्वाचं

पुण्यात घरात येणारी धूळ म्हणजे नुसती माती नसते. कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर भागात जुन्या सोसायट्या पाडून नव्या उभ्या राहतायत. वाघोली, पुनावळे, ताथवडेकडे शेजारच्या प्लॉटवर कायम काम चालू. त्या हवेतून सिमेंट, दगडाची पूड आणि पुट्टीची भुकटी खिडकीतून आत येते. ही धूळ इतकी बारीक असते की सायक्लोन ती पूर्णपणे वेगळी करू शकत नाही, ती फिल्टरच्या धाग्यांत जाऊन बसते. शिवाय सिमेंट आणि पीओपी पाण्याने घट्ट होतात. असा भरलेला फिल्टर तसाच बादलीत बुडवला तर आतली भुकटी तिथेच धरते, आणि मग कितीही धुतला तरी तो मोकळा होत नाही.

म्हणून आधी कोरडा झाडून घ्या. वर्तमानपत्रावर फिल्टर उलटा धरून प्लॅस्टिकची कडा हलकेच आपटा, घड्यांचा कागद नव्हे. दहा-पंधरा टकटकी पुरतात. नाका-तोंडाला रुमाल बांधा आणि हे बाल्कनीत करा. मग बारीक धारेखाली, हवेच्या दिशेच्या उलट, म्हणजे स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे पाणी सोडा. धूळ ज्या वाटेने आली त्याच वाटेने बाहेर पडली पाहिजे. नळकांड्यासारखा फिल्टर असेल तर पाणी भरून दोन्ही तोंडं हातांनी बंद करा, हलवा आणि ओता. पाणी नितळ येईपर्यंत पाच-सहा वेळा तरी करावं लागतं. स्पंज असेल तर हलका दाबा, पिळू नका. घड्यांचा फिल्टर तर मुळीच पिळायचा नाही. साबण, भांड्याचं लिक्विड, व्हिनेगर काही नको. साबणाचा अंश धाग्यांत राहतो आणि पुढच्या धुळीला धरून ठेवतो.

बोअरवेल किंवा टँकरचं पाणी असलेल्या सोसायट्यांत आणखी एक गोष्ट. बादल्यांवर पांढरे डाग पडत असतील तर तोच क्षार फिल्टरच्या धाग्यांत राहतो. तिथे शेवटचं एक लिटर पिण्याच्या पाण्याचं वापरा.

आणि सगळे फिल्टर धुवायचे नसतात. फिल्टरवर किंवा माहितीपुस्तकात नळाचं चिन्ह असेल तरच धुवा. कागदासारखा हेपा फिल्टर पाण्याने फुगतो आणि त्याच्या घड्या एकमेकींना चिकटतात. तो फक्त झटकायचा आणि वेळ झाली की बदलायचा.

आता वाळवणं. पावसाळ्यातली 'धुतला तरी चालत नाही' ही अडचण बहुतेक वेळा इथेच असते. वरून कोरडा लागणारा फिल्टर आत ओला राहतो. तो बसवला की आलेली धूळ ओल्या धाग्यांवर चिखल होऊन बसते, दिवसभरात तोंडं बुजतात, मशीनमधून कुबट वास येतो आणि ओलसर हवा मोटरमध्ये जाते. उन्हाळ्यात पंख्याखाली २४ तास पुरतात. जुलै-ऑगस्टमध्ये, घरातले कपडेच दोन-दोन दिवस वाळत नाहीत तेव्हा, ४८ ते ७२ तास धरा. वारा खेळेल अशा सावलीत, टेबल फॅनसमोर उभा ठेवा. हेअर ड्रायर, मायक्रोवेव्ह, गॅसजवळची जागा नको. घड्या धरून ठेवणारा गोंद उष्णतेने सुटतो.

वाळला की नाही हे बोटाने कळत नाही, काट्यावर कळतं. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा घ्या. नवा फिल्टर बसवण्याआधी त्याचं वजन करून त्याच्या प्लॅस्टिक कडेवर मार्करने लिहा. समजा ४२ ग्रॅम. धुतल्यावर तो ७० दाखवेल, दुसऱ्या दिवशी ५०, तिसऱ्या दिवशी ४३. त्रेचाळीसला बसवा, पन्नासला नाही. आणि दोन दिवस सलग ४९ वरच अडून राहिला, खाली येतच नाही, तर ते पाणी नाही. धाग्यांत रुतलेली धूळ आहे, आणि असा फिल्टर आता बदलायचा. नव्याचं वजन लिहायचं राहून गेलं असेल तर कोरड्या टिश्यू पेपरमध्ये फिल्टर गुंडाळून मिनिटभर हलका दाबून ठेवा. टिश्यू दमट लागला तर थांबा.

या सगळ्यावर सोपा उपाय म्हणजे दोन फिल्टर ठेवणं. एक मशीनमध्ये, एक वाळत. पुण्याच्या धुळीत उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी आणि एरवी महिन्याने अदलाबदल केली की घाईघाईने ओला फिल्टर बसवण्याची वेळच येत नाही. घड्यांचा फिल्टर साधारण सहा महिने ते वर्षभर साथ देतो, पाच-सहा धुण्यांनंतर वजन आणि मोहरी दोन्ही तपासा.

दुसरा फिल्टर घेताना 'सगळ्या मॉडेलला चालतो' असं लिहिलेला घेऊ नका. उजेडासमोर धरून घड्यांच्या टोकांशी सुईएवढी भोकं दिसतायत का ते बघा, आणि बसवल्यावर रबराची कडा चौफेर टेकते का ते पाहा. सैल बसणारा फिल्टर पहिले काही दिवस जास्त खेचल्याचा भास देतो, कारण हवा गाळली न जाताच बाजूने जाते. ती धूळ मग मोटरच्या बेअरिंगमध्ये.

मोटरनंतरचा हेपा बरेच जण कधी उघडतच नाहीत. तो मागच्या बाजूला, हवा बाहेर पडते तिथे असतो. तोही बुजला की सक्शन तितकंच पडतं, कारण हवा आत घ्यायची तर ती बाहेरही पडायला हवी. तो फिकट राखाडी असेल तर ठीक. काळा पडला असेल तर पुढचा फिल्टर नीट बसत नाहीये असा अर्थ काढा आणि आधी ते दुरुस्त करा.

जाळी आणि शंकू

डब्यावरची 'मॅक्स' रेघ नुसती सूचना नाही. धूळ त्या रेघेपर्यंत आली की आत फिरणाऱ्या हवेला वळायला जागा उरत नाही आणि ती खाली बसलेली धूळ पुन्हा उचलून वर नेते. अर्धा डबा भरला की रिकामा करायची सवय लावा.

डब्याच्या मधोमध असलेल्या स्टीलच्या जाळीवर केस आणि कापसाचा नमद्यासारखा थर बसतो. बाहेरून फक्त करडा पट्टा दिसतो, पण नखाने एक टोक उचललं की पूर्ण पट्टी सोलून निघते. एप्रिल-मेमध्ये टेकडीजवळच्या घरांत सावरीच्या म्हाताऱ्या उडत येतात, त्यांचा कापूस या जाळीवर सगळ्यात वाईट चिकटतो. पट्टी निघाल्यावर भोकं जुन्या कोरड्या टूथब्रशने घासा.

जाळीच्या वरचे छोटे शंकू हा खरा त्रासाचा भाग. त्यांची खालची तोंडं जेमतेम काही मिलिमीटरची असतात. त्यात ओलसर धूळ गेली की ती खडू होऊन बसते. स्वयंपाकघरात सांडलेलं पाणी अर्धवट पुसलेल्या फरशीवर मशीन फिरवलं की हे होतंच. डबा मशीनपासून वेगळा करून तळहातावर थापट्या मारा, पलटा, पुन्हा मारा. बारीक पूड पडत राहील. ती पडायची थांबेपर्यंत चालू ठेवा. मग रंगाचा बारीक ब्रश किंवा झाडूची एक मऊ काडी भोकांतून फिरवा. लोखंडी तार नको, शंकूच्या आतल्या गुळगुळीत भिंतीवर ओरखडे पडले की धूळ तिथे पुन्हा धरते.

कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडचा कॉम्प्रेसर इथे कामाला येतो, पण जपून. फक्त सुटा केलेला डबा न्यायचा, मशीन नाही. नोझल हातभर लांब धरायला सांगा, आणि आधी हवा जमिनीवर सोडून बघा, टाकीतलं पाणी किंवा तेल तर उडत नाही ना. मशीनच्या मोटरच्या बाजूने कॉम्प्रेसरची हवा कधीच मारू नका. पंखा प्रमाणाबाहेर फिरून बेअरिंग जातं. फिल्टरवरही नको, कागद फाटतो.

डबा पाण्याने धुता येतो की नाही हे मॉडेलवर आहे. ज्या भागात तांब्या-पितळेचे संपर्क किंवा वायर दिसते तो भाग धुवायचा नाही. धुतलाच तर वाळवायचा नियम फिल्टरचाच.

नळी, मान आणि रोलर

नळी उजेडाकडे धरून आरपार बघा. पूर्ण गोल दिसला पाहिजे. एका बाजूने गोटी सोडली आणि ती दुसऱ्या बाजूने बाहेर आली म्हणजे नळी मोकळी, असं समजू नका. खराट्याची काडी किंवा केसाची पिन आडवी अडकलेली असते, तिच्याभोवती केस गुंफले जातात, गोटी बाजूने निसटते पण कागदाचा तुकडा अडतो. कापड गुंडाळलेली पडद्याची सळई मशीनच्या टोकाकडून घालून हेडच्या बाजूने बाहेर ढकला, म्हणजे आलेल्या वाटेने परत. बहुतेक नळ्यांतून रोलरला वीज नेणारी वायर जाते, म्हणून नळी पाण्याखाली धरू नका.

त्याहून जास्त वेळा अडतं ते हेडच्या मानेत. तिथे हवा काटकोनात वळते. मान पूर्ण उभी करा, मग पूर्ण आडवी, दोन्ही वेळा आत मोबाइलचा टॉर्च मारा. आत घडीदार छोटी नळी असते. ती वाकवल्यावर घडीच्या तळाशी पांढरी रेघ दिसली तर चीर सुरू झाली आहे. तात्पुरतं इन्सुलेशन टेपचे दोन वेढे चालतात. फेविक्विक नको: ते जागा कडक करतं आणि पुढच्या वाकण्यात चीर वाढते.

रोलरभोवतीचे लांब केस मधोमध दिसतात ते कात्रीने कापले जातात. नुकसान करणारे केस दोन्ही टोकांना, झाकणाच्या आत असतात. एका रुपयाच्या नाण्याने टोकाचं लॉक उघडून रोलर बाहेर ओढा. टोकाची टोपी काढली की आत घट्ट वळलेली केसांची चकती दिसते, कधीकधी मधल्या घर्षणाने वितळून प्लॅस्टिकसारखी चकाकणारी. ती कात्रीने उचकटू नका. तुळशीबागेत शिवणकामाच्या दुकानात शिलाई उसवायचा रिपर मिळतो, त्याने आडवी कापा आणि चिमट्याने सोलून काढा. टोपी पुन्हा बसवल्यावर रोलर बोटाने फिरवला तर सहज दोन-तीन फेरे फिरून थांबला पाहिजे. लगेच थांबत असेल तर केस अजून आहेत किंवा बेअरिंग कोरडं आहे. तेल घालू नका, तेलावर धूळ बसून दोन दिवसांत गोळा होतो.

हेडच्या मागच्या बाजूची रबर किंवा मखमलीची पट्टी बघा. ती झिजली की हवा मागून आत येते आणि पुढचा कचरा तसाच राहतो. पुढची छोटी चाकं केसांनी अडली असली तर हेड फरशीवर तिरकं टेकतं, त्याचाही हाच परिणाम.

गळती शोधायला टिश्यूची पट्टी

टिश्यू पेपरची अर्धा इंच रुंद पट्टी कापा. मशीन चालू करून नळीचं तोंड तळहाताने जवळजवळ बंद धरा, म्हणजे आतली ओढ वाढते, आणि दुसऱ्या कुणाला तरी पट्टी प्रत्येक सांध्यावरून सावकाश फिरवायला सांगा: डब्याचं खालचं झाकण, डबा आणि मशीनचा जोड, नळीची दोन्ही टोकं. जिथे पट्टी आत खेचली जाते तिथे गळती. मागच्या जाळीपाशी पट्टी उडेल, ती बाहेर पडणारी हवा आहे, ते बरोबरच आहे. यासाठी उदबत्तीचा धूर वापरू नका, ठिणगी आत गेली तर धुळीच्या डब्यात पेट घेऊ शकते.

डब्याच्या झाकणाच्या रबरावर बहुतेकदा एखादा केस किंवा वाळूचा कण बसलेला असतो, ओल्या फडक्याने पुसलं की काम होतं. रबर कडक होऊन एका जागी चपटं झालं असेल तर झाकण किंवा रबर बदलावं लागतं.

बॅटरी, आता

चांगल्या प्रतीच्या ब्रशलेस, म्हणजे आत घासणारे कार्बन ब्रश नसलेल्या, मोटरच्या मशीनमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मोटरला मिळणारी ताकद सांभाळून घेतं. बॅटरी म्हातारी झाली तर मशीन कमी वेळ चालतं किंवा टर्बो (सगळ्यात जोरदार मोड) लावताच बंद पडतं, पण जेवढा वेळ चालतं तेवढा वेळ नीट खेचतं. साध्या, कार्बन ब्रशच्या मोटरच्या स्वस्त मशीनमध्ये मात्र व्होल्टेज उतरेल तसं सक्शनही उतरतं. आपलं मशीन यांतलं कोणतं, हे कळलं की निम्मा उलगडा होतो.

हिशेब समजून घ्या. सात लिथियम-आयन सेलचा पॅक म्हणजे साधारण २५.२ व्होल्ट, सहा सेलचा २१.६. सात सेल, प्रत्येक २५०० एमएएच (२.५ अँपिअर-तास), तर २५.२ गुणिले २.५, म्हणजे एकूण ६३ वॉट-तास. टर्बोत मोटर ४०० वॉट घेत असेल तर पूर्ण बॅटरी साडेनऊ मिनिटांत संपते, आणि यात काहीही बिघाड नाही. खोक्यावरची '६० मिनिटं' ही इको मोडची, बहुधा रोलर न लावता. म्हणून टर्बो पाच-सहा मिनिटं चालला तर घाबरू नका. दहा-पंधरा सेकंदांत बंद पडला, आणि हेड काढून, स्वच्छ कोरडा फिल्टर लावूनही तसंच झालं, तर पॅकमधला एखादा सेल थकला आहे.

मल्टिमीटर असेल तर पूर्ण चार्ज झाल्यावर सात सेलचा पॅक २९.४ आणि सहाचा २५.२ व्होल्टच्या जवळ दाखवायला हवा. शून्य दाखवला तर लगेच बाद ठरवू नका; अनेक पॅकमधलं संरक्षक सर्किट मशीनचा इशारा मिळाल्याशिवाय टोकांवर वीज सोडतच नाही. चार्जरवरचा डीसी आउटपुटचा आकडाही वाचा. सेट-टॉप बॉक्सची १२ व्होल्टची पिन कधीकधी बसते, त्यावर बॅटरी कधीच पूर्ण भरणार नाही. बॅटरीचे संपर्क काळे पडले असतील तर बॅटरी काढून कोरड्या खोडरबराने पुसा.

मशीन वापरून गरम असताना लगेच चार्जिंगला लावू नका, अर्धा तास थांबा. एप्रिलच्या दुपारी बंद बाल्कनीत चार्जिंग नको. महिनाभर गावी जाणार असाल तर अर्धी भरलेली ठेवून जा.

पुण्याच्या तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, मल्टिमीटर, टेप, चिमटे सगळं मिळतं. पण जुन्या लॅपटॉपचे सेल घालून पॅक 'भरून' घेऊ नका. व्हॅक्यूमला टर्बोत १५-१६ अँपिअर लागतात, लॅपटॉपचे सेल त्यासाठी बनवलेलेच नसतात. ते तापतात आणि फुगतात. फुगलेला पॅक चार्जिंगला लावू नका, टोकांवर इन्सुलेशन टेप लावा आणि ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा म्हणून वेगळा द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा सर्व्हिस सेंटरला परत घ्यायला सांगा.

यासाठी हे मशीन वापरू नका

फर्निचर आणि फॉल्स सीलिंगचं काम झाल्यावरची पीओपीची धूळ, रांगोळी, सांडलेलं पीठ, धूप-उदबत्तीची राख. रांगोळी म्हणजे दगडाची पूड. एका दिवाळीत दारापुढची रांगोळी रोज मशीनने उचलली तर फिल्टर आणि शंकू दोन्ही भरतात. ती केरसुणी-सुपलीने भरा, मग ओलं फडकं. गणपतीच्या सजावटीतले थर्माकोलचे दाणे स्थिर विजेने डब्याच्या भिंतीला आणि जाळीला चिकटून बसतात, तेही आधी ओल्या फडक्याने गोळा करा. इंटिरियरच्या धुळीसाठी ठेकेदाराकडे पिंपाएवढा ओला-सुका व्हॅक्यूम असतो, तो मागा.

सर्व्हिस सेंटरला जाण्याआधी

घासल्यासारखा खरखर आवाज, जळका वास, किंवा मागून निघणारी करडी धूळ असेल तर घरी उघडायला जाऊ नका, बेअरिंग किंवा पंख्याचं पातं गेलेलं असू शकतं. मशीन तापून बंद पडलं असेल तर तासभर थंड होऊ द्या आणि तुंबलेली जागा शोधल्याशिवाय पुन्हा चालवू नका.

नेताना मशीन, नळी, हेड, चार्जर सगळं न्या, आणि फिल्टर कोरडा असू द्या. ओला दिसला की वॉरंटीचा प्रश्न तिथेच अडतो. काउंटरवर 'सक्शन कमी आहे' एवढंच सांगू नका. 'नळी आणि हेड काढूनही कमी आहे, नव्या कोरड्या फिल्टरनेही फरक नाही, मागचा हेपा बदलून पाहिला, टिश्यूला गळती सापडली नाही, टर्बो आठ मिनिटं चालतो' असं सांगा, आणि ते जॉबशीटवर लिहून घ्या. मग तपासणाऱ्याला मोटर उघडून बघण्याशिवाय दुसरीकडे कुठे सुरुवात करायला जागा राहत नाही.